मदत हवी आहे: ‘प्रिन्स कॅस्पियन’वर मुलांचं खरं मत कसं काढावं?

नार्नियाच्या या दुसऱ्या चित्रपटावर (2008) मुलांच्या प्रतिक्रिया गोळा करायच्या आहेत. पहिल्या भागाने जगभरात सुमारे 74 कोटी डॉलर कमावले, याने सुमारे 42. प्रदर्शनाला नाताळऐवजी मे महिना, शेजारी ‘आयर्न मॅन’, हे झालं बाजाराचं. मला हवं ते प्रेक्षकाच्या मनातलं.

खलनायक राजा मिराझच्या किल्ल्यावरचा रात्रीचा हल्ला 1951च्या मूळ कादंबरीत नाही, सूझन-कॅस्पियनचं चुंबनही नाही. त्यामुळे पुस्तक वाचलेल्या आणि न वाचलेल्या मुलांचे कागद वेगळे ठेवायलाच हवेत, नाहीतर दोन्ही मतं एकमेकांना खाऊन टाकतात. ‘आवडला का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून चर्चेआधीच लिहून घ्यायचं: कोणता प्रसंग पुन्हा बघशील, कोणता काढून टाकशील, कुठे कंटाळलास?

अडलंय ते हल्ल्यापाशी. दार पेलून धरणारा मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा योद्धा) मरतो, आत अडकलेले मागेच राहतात. लहानांना हे फार जड जातं. ‘भीती वाटली का?’ हा प्रश्नच उत्तर सुचवतो. त्याऐवजी काय विचारावं? आठ-नऊ वर्षांच्यांकडून लिहून घ्यावं की चित्र काढून घ्यावं? अनुभवी मंडळींनी कृपया नेमका प्रश्न सुचवावा.