एंजिनिअर्ड लाकडी फ्लोरिंग ठोकताना टंग फाटतेय, वर टेंगळं दिसतायत, काय करावं?

माडीवाला_सातारा:
नमस्कार मंडळी, साताऱ्यात शनिवार पेठेत आमचं जुनं घर आहे, माडीवर सागवानी तुळया आणि त्यावर जुन्या फळ्या, त्या सरळ करून वर १८ मिलीचा प्लाय मारलाय आणि आता त्यावर एंजिनिअर्ड ओक (खाली प्लायसारखा थर, वर खऱ्या ओकचा पातळ थर) बसवतोय. फळी १४ मिलीची, वरचा ओकचा थर ३ मिली, रुंदी ५ इंच. सुतार चांगला आहे, दारं खिडक्या सगळं त्यानेच केलंय पण हे फ्लोरिंग पहिल्यांदाच करतोय, नेलगन (हवेवर खिळे ठोकणारी) आणि कॉम्प्रेसर भाड्याने आणलाय. पहिल्या तीन-चार ओळीतच काही ठिकाणी टंग (फळीच्या कडेची, शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी जीभ) उभी फाटली आणि जिथे जिथे खिळा गेलाय तिथे वरून बारीक टेंगूळ आल्यासारखं दिसतंय, संध्याकाळी खिडकीतनं तिरकं ऊन आलं की जास्तच. काम थांबवलंय. माल महाग आहे हो, कृपया सांगा.

रंधा_मिरज:
दादा थांबवलंत ते फार बरं केलंत, पुढे ठोकत गेला असता तर सगळी माडी उचकटायची वेळ आली असती. मी मिरजेत हेच काम करतो. आधी खिळा कुठला वापरताय ते बघा. भाड्याच्या गनमधे बहुतेक १६ गेजचा खिळा असतो (गेजचा आकडा लहान तेवढा खिळा जाड), तो पाऊण इंची सॉलिड लाकडासाठी, तुमच्या १४ मिलीच्या टंगला तो जाड होतो आणि पाचर मारल्यासारखा वरचा थर उचलतो, टेंगूळ येतं ते तिथनंच. १८ गेजचा क्लीट (फ्लोरिंगचा खास खिळा) घ्या, दीड इंची. गनही १८ गेजचीच लागेल, एकीत दुसरा खिळा चालत नाही.

दुसरं म्हणजे गनच्या खालची प्लेट. ती फळीच्या जाडीप्रमाणे बदलावी लागते, जाड फळीची प्लेट तशीच ठेवली की खिळा टंगच्या वर ओकच्या थरात घुसतो. खिळा टंग आणि फळीची कड जिथे मिळते त्या कोपऱ्यातच ४५ अंशात गेला पाहिजे.

आणि हवा. कॉम्प्रेसर फुल्ल ठेवून ठोकू नका. ७० पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरू करा, वाया गेलेल्या तुकड्यावर प्लायवरच चार खिळे मारा आणि वाकून बघा, खिळ्याचं डोकं टंगजवळच्या त्या कोपऱ्यात जेमतेम बसलेलं दिसलं पाहिजे. वर राहिलं तर पुढची फळी घट्ट बसत नाही, जास्त आत गेलं तर टंग फाटते आणि वर्षभराने तिथंच कुरकुर सुरू होते. पाच-पाचने हवा वाढवत जा. मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च फळीवर आडवा धरा, सावली पडली की टेंगूळ आहे, हात फिरवून कळणार नाही. ही सेटिंग जमल्याशिवाय एकही चांगली फळी ठोकू देऊ नका, मी तर रोज सकाळी आणि जेवणानंतर परत तुकड्यावर बघतो कारण कॉम्प्रेसरची हवा खालीवर होते.

दोन खिळ्यांमधलं अंतर ६ ते ८ इंच, टोकापासून दोन इंच सोडून, टोकाला मारला की फाटणारच. डब्यातल्या कागदावर कंपनीने वेगळं अंतर दिलं असेल तर तेच धरा.

कृष्णाकाठची:
माडीवाला दादा, ओलाव्याचं बघितलं का? सातारचा पाऊस माहितीय ना, प्लाय पावसाळ्यात मारला असेल आणि तो अजून ओला असेल तर खिळे कितीही नीट मारा, नंतर सांधे उघडणार नाहीतर फळ्या वर उठणार. मॉइश्चर मीटर मिळतो, प्लाय आणि फळी दोन्ही मोजा, तुमच्या रुंदीच्या फळीला फरक २ टक्क्यांच्या आतच पाहिजे. भिंतीपासून १०-१२ मिली जागा सोडली आहे ना सगळीकडे?
बाकी आमच्या सांगलीत तळमजल्यावर कुणी हे करायला निघालं तर मी हात जोडते, २०१९ ला आणि परत २०२१ ला घराघरात पाणी शिरलं, तिथे फरशीच बरी. आणि स्लॅबवर तर खिळा मारताच येत नाही, तिथे गम किंवा फ्लोटिंग (खाली न चिकटवता, न ठोकता फळ्या एकमेकींत अडकवायच्या).

माडीवाला_सातारा:
दोघांचेही मनापासून आभार. गन बघितली, १६ गेजच आहे आणि प्लेट पाऊण इंचाचीच लावलेली आहे! मीटर उद्या मागवतो. झालेल्या ओळींचं काय करू, पॉलिश पेपर मारून टेंगळं जातील का?

रंधा_मिरज:
पेपर अजिबात नको दादा, फॅक्टरीचं कोटिंग जाईल आणि तिथे डाग दिसेल कायमचा. अजून चारच ओळी आहेत, पटाशीने सावकाश उचका, टेंगळं आलेल्या फळ्या बाजूला ठेवा, टोकाच्या तुकड्यांना आणि कपाटाखाली खपतात. टंग थोडीशीच फाटली असेल तर ती फळी वापरा, त्या जागेपासून दोन इंच सरकून दुसरा क्लीट मारा.
परत सुरू करायच्या आधी गनचा तळ पुसून घ्यायला सांगा, वाळूचा एक कण अडकला तरी पॉलिशवर ओरखडे उठतात, रबरी तळ असेल तर उत्तम. फळी सरकवताना हातोडा थेट टंगवर मारू देऊ नका, त्याच फ्लोरिंगचा तुकडा मधे धरून ठोका. आणि भिंतीजवळच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन ओळीत ही गन मावतच नाही, तिथे आधी बारीक ड्रिल करून फिनिशिंगचे खिळे वरून मारायचे, स्कर्टिंगखाली झाकले जातील एवढ्या कडेला.