'तेलगळती' म्हणावं की 'तेलसांड'?

घणसोलीची
अडले आहे, मदत हवी. मेक्सिकोच्या आखातात २०१० साली डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगची दुर्घटना झाली, त्यावरच्या एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करते आहे. 'ऑइल स्पिल' आला की सवयीने 'तेलगळती' लिहीत गेले. काल रात्री एक संतापलेला मच्छीमार बोलू लागला आणि माझा हात थांबला. त्याच्या वाक्यात कर्ता कंपनी आहे. तेल कोणी स्पिल केलं, हेच तो ओरडून सांगतोय.

'कंपनीने तेल गळलं' असं मराठीत म्हणताच येत नाही. गळणं आपोआप होतं. छप्पर गळतं, केस गळतात, नळ गळतो. कर्ता आणायला जावं तर 'गाळलं' होतं, म्हणजे फडक्यातून गाळणं. आई शेजारी लसूण सोलत बसली होती, ती म्हणाली, "सांडलं लिही की." 'कंपनीने तेल सांडलं' चपखल बसतं. पण मग नाम काय करू? तेलसांड? शिवाय 'ब्लेम गेम'लाही ओळीत मावेल असा शब्द हवाय. सोमवारी सकाळी काम द्यायचं आहे.

नौपाडा पूर्व
आईंना नमस्कार सांगा. नेमका धातू त्यांनी दिला. 'सांडणे' मराठीत दोन्हीकडे चालतो. 'दूध सांडलं' म्हटलं की कोणाचं नाव येत नाही, आणि 'बाळूने दूध सांडलं' म्हटलं की बाळू सापडतो. मूळ संस्कृत 'छर्द्', प्राकृतात 'छड्ड', जुना अर्थ टाकणे, सोडणे. पसायदानातलं 'जे खळांची व्यंकटी सांडो' सगळ्यांना पाठ असतं. तिथे दुष्टांचा वाकडेपणा सुटून जावो, असं मागणं आहे. तीस वर्षं मराठी शिकवताना मी हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिला, पण त्यात कर्त्याला धरून ठेवायची ताकद आहे हे आज प्रथम लक्षात आलं.

'तेलसांड' नि:शंक वापरा. धरणाचा 'सांडवा' आहे, घरचं 'सांडपाणी' आहे, 'सांडलवंड' आहे. घडण अस्सल मराठी आहे.

चरईतला
सर, 'सांड' वाचल्यावर निम्म्या लोकांना बैल दिसेल, त्याचं काय? उपशीर्षक पडद्यावर दोन सेकंद असतं. वाचणाऱ्याला थांबून धातू शोधायला वेळ नसतो. तेलगळती रुळलेला शब्द आहे, सगळी वर्तमानपत्रं तोच लिहितात. रुळलेला शब्द मोडायचा हट्ट कशाला?

नौपाडा पूर्व
शब्द रुळला म्हणून तो बरोबर ठरत नाही. आता काही बातम्यांत 'तेल रिसाव' येऊ लागलं आहे, थेट हिंदीतून. तेही दहा वर्षांनी रुळलेलं म्हणायचं का? आपल्याकडे पाझरणं, झिरपणं, ठिबकणं, गळणं, ओघळणं, सांडणं अशी चढती भांजणी आहे. एवढं घरात असताना शेजाऱ्याकडे मागायला जायचं कारण नाही.

रिगवाला सीवूड्स
मी तेलक्षेत्रातला माणूस. बावीस वर्षं समुद्रात चौदा दिवस आणि घरी चौदा दिवस अशी नोकरी केली. तुमचे दोन्ही शब्द मला पटत नाहीत, कारण तिथे गळलंही नाही आणि सांडलंही नाही. सांडायला आधी भांड्यात भरलेलं असावं लागतं. ती विहीर होती, सुमारे दीड किलोमीटर खोल पाण्याखाली तिचं तोंड. २० एप्रिल २०१० च्या रात्री खालचा वायू दाबाने वर आला. तळाच्या सिमेंटने त्याला अडवायला हवं होतं, ते टिकलं नव्हतं. तोंडावरच्या बीओपीने, म्हणजे आणीबाणीत विहीर बंद करणाऱ्या झडपयंत्रणेने, विहीर बंद करायला हवी होती, तीही झाली नाही. स्फोट झाला, अकरा माणसं गेली. पुढे ८७ दिवस तेल वर येत राहिलं. याला उद्रेक म्हणतात. आपल्याकडे जहाजांची टक्कर होऊन टाकीतलं तेल समुद्रात जातं त्याला सांडणं म्हणा, माझी हरकत नाही. १९९३ मध्ये मुंबई हायहून उरणला येणारी पाइपलाइन फुटली, ते तिसरंच. तिथे 'फुटणं' हवं.

त्या अकरा जणांचं नाव कुठल्याच शब्दात येत नाही, हे मला जास्त लागतं. तेल, तेल आणि तेल. आमच्यासारखी माणसं त्या तेलाच्या आधी गेली.

घणसोलीची
काका, हे वाचून थोडा वेळ लिहायचं थांबले. अकरा जणांचा उल्लेख पहिल्या मिनिटात आहे. तिथे मी 'अकरा जणांचा मृत्यू' लिहिलं होतं, आता 'अकरा कामगारांचा मृत्यू' केलं. 'उद्रेक' स्फोटाच्या प्रसंगाला घेते. पण नंतरचे तीन महिने किनाऱ्यावर जे येत होतं, त्याला काय म्हणू?

कोपरखैरणे सेक्टर ७
तवंग! तेलाचा तवंग.

चरईतला
तवंग कालवणावर येतो आणि तो दिसला की भूक लागते. मेलेल्या पक्ष्यांच्या दृश्यावर 'तवंग' वाचवणार नाही.

कोपरखैरणे सेक्टर ७
मग पाण्यावरच्या थराला तुम्ही दुसरं काय म्हणता ते सांगा. प्रत्येक शब्द स्वयंपाकघरातून आला म्हणून टाकून दिला तर मराठीत शब्दच उरणार नाहीत. सांडणंही तिथलंच आहे.

दिवाळेकर
इथे कोणी खाडीवरचं आहे का पाहत होतो. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली. चित्रा न्हावाशेव्याहून बाहेर पडत होती. साधारण ८०० टन तेल पाण्यात गेलं, कंटेनर तरंगायला लागले, काहींत कीटकनाशकं होती. बंदराची वाहतूक काही दिवस बंद. उरण, घारापुरीच्या तिवरांच्या मुळांना काळा थर बसला. नारळी पौर्णिमा त्या वर्षी २४ ऑगस्टला होती. म्हणजे पावसाळ्याची बंदी उठून होड्या उतरवायच्या, नारळ सोडायचा, नेमका तोच महिना. आम्हाला तेल लागलं त्याहून जास्त भीती लागली. बाजारात बोंबील, कोलंबी पडून राहायची, कोणी हात लावत नव्हतं. आई पाटी तशीच घेऊन परत यायची.

आमच्यात कोणी गळती म्हणालं नाही. आजी म्हणायची, "जाल्याला त्याल लागलं." बस. पुढे अख्खा हंगाम तेवढंच वाक्य.

आता मला एक शब्द विचारायचा आहे. एका कार्यालयात आमच्या चुलत्यांनी अर्ज केला होता. छापील कागदावर 'सानुग्रह साहाय्य' असं होतं. चुलत्यांनी पेनाने खोडून 'नुकसानभरपाई' लिहिलं. अर्ज परत आला, नव्या कागदावर लिहून आणा म्हणून. मी तेव्हा कॉलेजात होतो, मला वाटलं दोन्ही एकच. एकच आहेत का?

नौपाडा पूर्व
मुळीच नाहीत. अनुग्रह म्हणजे कृपा. 'सानुग्रह' दिलं म्हणजे देणाऱ्याने स्वतःच्या मोठेपणाने दिलं, त्याच्यावर काही बंधन नव्हतं. 'भरपाई' म्हटलं की आधी कोणीतरी खड्डा पाडला हे मान्य होतं, कारण भरायला खड्डा लागतो. तुमच्या चुलत्यांनी जे खोडलं ते भाषेच्या दृष्टीने पूर्ण बरोबर खोडलं. त्यांना माझा दंडवत सांगा.

दिवाळेकर
ते आता नाहीत सर. पण घरी सांगतो.

ऐरोली खाडीपूल
याच शब्दावरून तिकडेही रान पेटलं होतं. जून २०१० मध्ये व्हाइट हाउसने ती विहीर चालवणाऱ्या बीपी कंपनीकडून २० अब्ज डॉलरचा भरपाईचा निधी कबूल करून घेतला. दुसऱ्याच दिवशी संसदीय सुनावणीत टेक्सासचे प्रतिनिधी जो बार्टन यांनी कंपनीच्या प्रमुखांची, टोनी हेवर्ड यांची, माफी मागितली आणि त्या निधीला 'शेकडाउन' म्हटलं. त्यांच्याच पक्षातून इतका दबाव आला की त्याच दिवशी ती माफी मागे घ्यावी लागली. हा प्रसंग तुमच्या माहितीपटात असेल तर 'शेकडाउन'ला 'खंडणी' करा. मराठीत खंडणी आधी राजा दुसऱ्या राजाकडून घ्यायचा, आता गुंड घेतो. बार्टन यांना सरकार गुंडासारखं वागलं असंच म्हणायचं होतं.

म्हणजे एकाच पैशाला लोक भरपाई म्हणत होते, बार्टन खंडणी, आणि दिवाळेकरांच्या कागदावर असता तर तो सानुग्रह झाला असता. शब्द निवडला की बाजू निवडली जाते, हे मला आज लख्ख दिसलं.

घणसोलीची
आहे तो प्रसंग! 'खंडणी' घेतली. तिथे मी 'पिळवणूक' लिहिलं होतं, फार मिळमिळीत होतं. 'ब्लेम गेम'चं मात्र अजून राहिलंय.

चरईतला
'खापर फोडणं'. सरळ आहे.

कोपरखैरणे सेक्टर ७
खापर एकाच्या डोक्यावर फुटतं. ब्लेम गेममध्ये प्रत्येक जण दुसऱ्याकडे ढकलतो. 'टोलवाटोलवी' घ्या. मे २०१० च्या सुनावणीत नेमकं तेच झालं. बीपीने रिगची मालक असलेल्या ट्रान्सओशनच्या बीओपीकडे बोट दाखवलं, ट्रान्सओशन म्हणाली की विहिरीचा कारभार बीपीचा, आणि सिमेंटची कंत्राटदार हॅलिबर्टन म्हणाली की सिमेंटचं काम बीपीच्या आराखड्यानुसारच केलं.

नौपाडा पूर्व
खापर म्हणजे 'खर्पर', मडक्याचा तुकडा. आमचे आजोबा सांगत की अंत्यविधीत फोडायच्या मडक्यावरून हा वाक्प्रचार आला. मडकं फुटलं की मागे वळून पाहायचं नाही, तसं दोष दिला की विषय संपवायचा. मला हे नेहमी पटत आलं आहे.

चरईतला
सर, हे पटत नाही. स्मशानात मडकं डोक्यावर फोडत नाहीत, खांद्यावरून मागे टाकतात. माथ्यावर खापर हे भीक मागण्याच्या खापराशी जोडलेलं असणार.

नौपाडा पूर्व
भिक्षेचं खापर फोडतात असं मी कुठे ऐकलं नाही. भिक्षापात्र हातात असतं, माथ्यावर नव्हे.

रिगवाला सीवूड्स
खापर कुठूनही आलेलं असो, तिकडे न्यायालयाने त्याचे तुकडे मोजून दिले. २०१४ च्या निकालात बीपीवर ६७ टक्के, ट्रान्सओशनवर ३०, हॅलिबर्टनवर ३. बीपीचा दोष 'ग्रॉस नेग्लिजन्स' ठरवला. याला मराठीत 'घोर निष्काळजीपणा' लिहा. 'हलगर्जीपणा' लिहू नका, तो शाळेतल्या मुलाचा असतो. तेलाचा आकडाही नीट तपासा. सुरुवातीला दिवसाला १,००० पिंपं सांगत होते, नंतर ५,०००. शेवटी सरकारचा एकूण अंदाज ४९ लाख पिंपांचा झाला आणि न्यायालयाने ३१.९ लाख धरली. समुद्रात काम केलेला कोणीही सांगेल, पहिला आकडा नेहमी छोटा असतो.

ऐरोली खाडीपूल
आणखी एक. जुन्या इंग्रजीत 'स्पिल'च्या मूळ शब्दाचा अर्थ मारणं, नाश करणं असा होता. रक्त सांडणं मराठीतही आहेच. म्हणून माझं मत 'सांडलं'ला.

कोपरखैरणे सेक्टर ७
आणि किनाऱ्यावर येणारे 'टार बॉल'? आपल्याकडे पावसाळ्यात जुहूपासून गोव्यापर्यंत येतात. 'डांबरगोळे' लिहू नका, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आठवतात.

चरईतला
डांबराची गोळी आणि डांबराचा गोळा यात फरक कळतो हो लोकांना.

कोपरखैरणे सेक्टर ७
माझ्या सासूबाईंना नाही कळला. बातमी वाचून त्या म्हणाल्या, समुद्रात कपड्यांच्या गोळ्या कोणी टाकल्या?

दिवाळेकर
आम्ही नुसतं 'डांबर' म्हणतो. पायाला लागलं की रॉकेल लावून काढायचं.

घणसोलीची
सगळ्यांचे मनापासून आभार. मच्छीमाराच्या वाक्याला 'कंपनीने आमच्या पाण्यात तेल सांडलं' असं केलं आहे. आईला वाचून दाखवलं, ती "हं" म्हणाली. स्फोटाला उद्रेक, निधीला खंडणी, किनाऱ्यावर नुसतं डांबर. नामाची जागा अजून मोकळी आहे. बाकी तीसेक ठिकाणी 'तेलगळती' तशीच आहे आणि मला ती प्रत्येक वेळी खटकते. सोमवारपर्यंत कोणाला सुचलं तर सांगा.

ठाणे पश्चिम
धागा उशिरा वाचला. सांडगे याच 'सांडणे'वरून आले आहेत का?

नौपाडा पूर्व
शक्य आहे. वाटल्या डाळीचं मिश्रण ताटावर थोडं थोडं सोडत जातात, ती क्रिया सांडण्याचीच.

चरईतला
सांडगे घालतात हो सर. सांडत कोणी नाही.