चार ते पंधरा वयाची लेकरं आणि एकच पेटी: उपासनेतल्या गाण्याचे अनुभव

पेटीवाली, नगर

सर्वांना सलाम. आमच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, २३ लेकरं. सगळ्यात धाकटी ४ वर्षांची, ती प्रभूला अजून 'पबू' म्हणते. सगळ्यात मोठा दहावीतला, मिसरूड फुटलेला. धड्याचे वर्ग वेगळे, पण गाण्याची पंधरा मिनिटं सगळे एकत्र. ती पंधरा मिनिटं पाळकीणबाईंनी माझ्या गळ्यात घातली, कारण मला पेटी येते. पेटी वाजवणं वेगळं आणि लेकरांना गातं करणं वेगळं, हे पहिल्याच रविवारी कळलं.

'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं ना. वा. टिळकांचं एक गीत घेतलं. पट्टी (पेटीवरची ज्या सुराला सा धरायचा ती) काळी एक, कारण घरी पप्पा त्याच पट्टीत गायचे आणि माझी बोटं तिथेच बसलेली. ध्रुपद, म्हणजे दर कडव्यानंतर परत येणारी ओळ, मंद्र पंचमावरून (खालच्या सप्तकातल्या प वरून) उचलायचं. मी उचललं, तर समोर नुसते ओठ हलतायत. लाजतायत म्हणून सोडून दिलं. असे तीन रविवार गेले. मग एकदा उपासना सुटल्यावर चिंचेखाली पकडापकडी चालली होती आणि तेच ध्रुपद खणखणीत ऐकू आलं. आत जाऊन पेटीवर ताडून पाहिलं, तर पांढरी चार! म्हणजे सा जवळजवळ दोन सुरांनी वर. माझ्या पट्टीतले खालचे सूर त्यांच्या गळ्यात नव्हतेच, आणि मी त्यांना लाजाळू ठरवत होते.

पट्टी बदलली. माझी बोटं अडखळली, पण आवाज आला. आता पुरुष मंडळी कुरकुरतात, फार वर जातं म्हणून. जाऊ दे.

तुमच्याकडे काय करता? चुकलेलंही लिहा, मला तेच जास्त उपयोगी पडेल.

मागच्या बाकावरचा दादा, पुणे

पट्टीचं शंभर टक्के. पण माझी खरी डोकेदुखी मागचा बाक. हातवाऱ्यांचं गाणं लावलं की लहानी उड्या मारतात आणि तेरा-चौदा वर्षांची पोरं खिशात हात घालून पंख्याकडे बघतात. मी आधी चिडायचो. 'देवासाठी हात वर करता येत नाही का रे?' असंही एकदा बोलून गेलो. त्यानंतर दोघं यायचेच बंद झाले. ते माझ्यामुळेच.

त्यांच्यातल्या एकाचा आवाज फुटत होता. वरचा सा लावायला जायचा आणि मध्येच घोगरा होऊन तुटायचा, की पुढच्या पोरी खुदकन हसायच्या. मग कोण गाईल? त्याला ढोलकीवर बसवलं. शिकवणी नव्हती, शेजारच्या गणपतीत वाजवून हात बसलेला. केरवा बरा धरायचा, फक्त पळायचा. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं इतकं द्रुत व्हायचं की लहानांच्या तोंडात शब्द मावेनात. उपाय त्यानेच काढला. पहिल्या रांगेतल्या एका पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडे बघत वाजवायचं. तिचा शब्द संपल्याशिवाय पुढची सम नाही.

ढोलकी 'तमाशासारखी वाटते' अशी तक्रार वडीलमंडळींकडून आलीच. ढोलकी अजून वाजतेय.

वसईची मावशी

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे गाणं निवडायची मोकळीक कमी. मुलांच्या मिस्सेत (आमच्या उपासनेत) कुठे काय गायचं ते ठरलेलं. पण त्यातलं प्रतिसाद स्तोत्र मला फार सोयीचं वाटतं. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी प्रतिसादाची एकच ओळ परत परत. वाचता न येणारं पोर दुसऱ्या खेपेला सामील होतं. ओळी मी नववी-दहावीच्या मुलींना देते.

फजिती झाली ती ईस्टरआधीच्या उपवासकाळात. त्या दिवसांत आलेलुया गायचा नाही, शुभवर्तमानाच्या वाचनाआधी दुसरा घोष असतो. मोठ्यांना माहीत असतं. पण आमच्या बालवाडीवाल्यांना अख्ख्या मिस्सेत तोच एक शब्द येतो! पहिल्या रविवारी मी नवा घोष सुरू केला आणि चार-पाच जणांनी बेंबीच्या देठापासून 'आलेलुया' ठोकला. फादर हसले. मिस्सेनंतर एकाने विचारलं, 'मावशी, आलेलुया गेला कुठे?' सांगितलं, ईस्टरला येतो. पुढचे सगळे रविवार 'आला का?' म्हणून विचारायचा. ईस्टरच्या जागरणाला तो झोपून गेला, ती गोष्ट वेगळी.

आमच्या बऱ्याच घरांत सामवेदी ही इथली बोली बोलतात, पुस्तकी मराठी लहानांना शाळेत आणि देवळातच भेटते. म्हणून मी शब्द आधी नुसते बोलून घेते, चाल नंतर.

दोन टाळ आणि एक मोबाइल, वैजापूरकडून

आमच्याकडे मुलं ११, पेटी नाही, वाजवणारा नाही. यूट्यूबवरचा ट्रॅक लावायचो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही हो. लहानगी एका ओळीवर अडकली की ट्रॅक पुढे आणि आम्ही मागे, जशी सुटलेली एसटी. त्यात लाईट गेली की स्पीकर बंद.

आता ट्रॅक बंद, टाळ चालू. पट्टी पेटीवाली ताईंनी सांगितली तशीच काढतो, एखाद्या पोराला म्हणायला लावतो आणि तोच सूर धरतो. आधी वाटायचं वाद्याशिवाय भिकार वाटेल. उलट मुलं एकमेकांचं ऐकायला लागली.

जुना कीर्तनकार

तुम्ही सगळे नवा शोध लागल्यासारखं लिहिताय म्हणून थोडं सांगतो. मिशनऱ्यांच्या काळात इंग्रजी गीतं भाषांतरून विलायती चालींत बसवली जायची. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, लहान पोराची जीभ अडखळायचीच. कृष्णराव सांगळे आणि त्यांच्यानंतर ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांनी कीर्तन, अभंग, भजन आपल्या उपासनेत आणलं. कीर्तनात बुवाने कडवं म्हणायचं, झिलकऱ्यांनी (मागे उभ्या साथीदारांनी) ध्रुपद उचलायचं. समोर आजी असो की नातू, दोघांना जागा. तुमचं ते प्रतिसाद स्तोत्र आणि हे, रचना एकच. ध्रुपद लहानांचं, कडवी मोठ्यांची. मी पोरांना पहिले दोन आठवडे ध्रुपदच देतो. कडवं मागितल्याशिवाय देत नाही.

मात्र अर्थ सांगा. एकदा 'कृपासिंधू' शिकवत होतो. एका मुलीने हात वर केला, 'आजोबा, कृपा आणि सिंधू कोण?' तिच्या घरी सिंधू नावाची आत्या होती, तिची तिला काळजी वाटत होती.

खंजिरीवाली

मधल्या लेकरांबद्दल कुणीच बोललं नाही. सात ते दहा! पाच वर्षांच्यांबरोबर फुलपाखरू व्हायची त्यांना लाज, आणि मोठ्यांच्या वेगाने पुस्तकातून वाचता येत नाही. सगळ्यात जास्त दंगा तीच करतात, कारण त्यांना काम नसतं. दुर्लक्ष करायला सगळ्यात सोपी म्हणून आपण करतो, मीही केलं.

मी हौसेने सहा खंजिऱ्या आणल्या आणि एकाच वेळी वाटल्या. पुढची दहा मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत. एक चिमुरडी कानावर हात ठेवून बाहेर गेली ती आलीच नाही. आता खंजिरी एकच. दर गाण्याला हात बदलतो, यादी दारावर लावलेली. ज्याची पाळी त्याने कडवं संपताना खंजिरी वर धरायची, ती दिसली की सगळ्यांनी ध्रुपद घ्यायचं. खंजिरीवाला झोपला तर गाणं अडलं. त्यामुळे झोपत नाही कोणी.

@मागच्या बाकावरचा दादा: ते दोघं परत आले का?

मागच्या बाकावरचा दादा, पुणे

एक आला. साऊंडच्या टेबलाशी बसतो. गात नाही. मी विचारत नाही.

पेटीवाली, नगर

सगळ्यांचं वाचलं, परवाच्या रविवारी जमेल तेवढं करून पाहिलं. कडवी तिघा मोठ्यांना, ध्रुपद बाकीच्यांना, खंजिरी एक. दुसरीतल्या पोराने खंजिरी वर धरली ती कडव्याच्या मधोमध. अर्धी फौज ध्रुपदात शिरली, दहावीवाला कडवं म्हणतच राहिला, मी पेटीवर दोघांच्या मध्ये. कुणी थांबलं नाही. शेवटी त्यानेच कडवं अर्ध्यात सोडलं आणि खालच्या सप्तकात ध्रुपद धरलं. तो गाताना मला पहिल्यांदाच ऐकू आला.

एक प्रश्न उरलाय. नाताळच्या फेरीत मोठेही बरोबर असतात, तीन-चार तास रस्त्याने गात फिरायचं, पेटी गळ्यात. पांढरी चार मोठ्यांना तेवढा वेळ झेपत नाही आणि काळी एक लहानांना. पांढरी तीन कुणी करून पाहिलीय का?