एकट्या बाईने आरव्ही घेऊन फिरावं का?

कृष्णाकाठ
माझी इथली (कॅलिफोर्निया) एक मैत्रीण, साठीच्या आसपासची. यजमान जाऊन काही वर्षं झाली, आता नोकरीतूनही निवृत्त झालीये. मार्चमध्ये लास व्हेगासहून भाड्याची आरव्ही (आत राहता-झोपता येईल अशी घरगाडी) घेऊन युटातली झायन, ब्राइस ही नॅशनल पार्कं आणि मोआब गाव करून यायचं तिने ठरवलंय. एकटीने. मुलगा म्हणतो, आई, हॉटेलं मी बुक करतो, पण हे खूळ सोड. परवा जेवायला जमलो होतो, पोळ्या गार झाल्या तरी वाद संपेना, म्हणून इथे टाकते.

माझं मत: तिने खुशाल जावं. एकट्या बाईला मोटेलपेक्षा आरव्ही बरी. मोटेलच्या खोलीची किल्ली आणखी कोणाकोणाकडे असते, देव जाणे. मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीत, बिछान्यापासून चार पावलांवर स्टीअरिंग. काही खटकलं तर दार न उघडता गाडी काढून चालू पडायचं. (मागे ओढायच्या ट्रेलरला हे जमत नाही, उतरून पुढच्या गाडीत जावं लागतं. म्हणून एकटीने ट्रेलरच्या वाटेला जाऊ नये.) शिवाय आपली चादर, आपला चहा, आपला संडास. या वयात आणखी काय हवं?

वऱ्हाडी ठेचा
मुलाचं बरोबर आहे. काकू, तुम्ही पार्किंगमधून पळून जायचं बोलताय, मी रस्त्याचं बोलतो. ब्राइसहून मोआबला जाताना आय-70 महामार्ग लागला, तर सलायना ते ग्रीन रिव्हर या गावांदरम्यान शंभरावर मैल एक गॅस स्टेशन नाही. फोनची रेंज येते-जाते. तिथे गाडी बंद पडली आणि मदतीला म्हणून कोणी थांबला, तर तो कसा माणूस आहे हे बाईने कसं ओळखायचं? बाई शूर आहे की नाही हा प्रश्नच नाही.

सदाफुली
हाच प्रश्न बंद पडलेल्या साध्या कारलाही लागू आहे की. मग बायकांनी कारही चालवू नये का? फोन आयफोन 14 किंवा त्यापुढचा असेल तर रेंज नसतानाही उपग्रहावरून मदतीचा निरोप जातो. मुलाला एवढीच धास्ती असेल तर आईला फोन घेऊन दे म्हणावं.

नानिवडेकर_टेक्सास
आमच्या ओळखीच्या एक अमेरिकन बाई वर्षानुवर्षं एकट्या फिरतात. त्यांची युक्ती: दाराबाहेर पुरुषाचे दणकट बूट, दोन खुर्च्या आणि मोठ्या कुत्र्याची पाण्याची वाटी. आत माणूस आहे आणि कुत्राही, असं बघणाऱ्याला वाटतं. बिनखर्चाची सुरक्षा.

सदाफुली
वा! भरताने पादुका ठेवून राज्य केलं, आपण बूट ठेवून कॅम्पिंग करायचं. म्हणजे नवरा नसला तरी निदान त्याचे जोडे पाहिजेतच! मला हे अपमानास्पद वाटतं.

नानिवडेकर_टेक्सास
अपमान वाटत असेल तर नका ठेवू. त्या बाईंना शांत झोप लागते, त्यांना तेवढंच पुरे आहे.

ओटीवरची
मी स्वतः आरव्ही चालवते, बऱ्याचदा एकटीच. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं हसू आलं. सगळे चोर-दरोडेखोरांवर बोलताहेत, गाडीबद्दल कोणीच नाही. माझा अनुभव असा की माणसांनी फारसा त्रास दिला नाही, टाक्यांनी दिला.

कृष्णाकाठताई, "आपला संडास" खरा, पण तो उपसायचाही आपणच. ब्लॅक टँकचा (संडासाच्या टाकीचा) व्हॉल्व्ह टाकी बऱ्यापैकी भरेपर्यंत बंद ठेवायचा. सोय म्हणून उघडा ठेवला की पाणी वाहून जातं, बाकीचं तळाशी थापलं जातं आणि मग ते काही केल्या निघत नाही. डंप स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) हातमोजे घालून पाइप जोडायचा, आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे भांडी-आंघोळीचं पाणी. त्या साबणाच्या पाण्याने पाइप आपसूक धुतला जातो. हा क्रम कंपनीवाले गाडी देताना घाईघाईत सांगतात आणि आपण मान डोलावतो.

टायर: नुसती नक्षी बघून भुलू नका. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मजकुरात शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. आरव्ही वर्षातले कित्येक महिने एका जागी उभी असते, त्यामुळे टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. चावी हातात घेण्यापूर्वी सगळ्या चाकांचे आकडे वाचावेत. कंपनीवाल्याने तोंड वाकडं केलं तरी वाचावेत.

आणि मार्चमध्ये ब्राइस? पार्क आठ हजार फुटांच्या आसपास आहे, रात्री पारा शून्याखाली जातो. पाण्याचा पाइप बाहेर जोडून झोपलात तर सकाळी त्याची काठी झालेली असते. झायनचा बोगदा 1930 चा. 11 फूट 4 इंचांहून उंच गाडी त्यात आपल्या लेनमध्ये मावत नाही, आणि भाड्याच्या बहुतेक क्लास सी गाड्या (व्हॅन-ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोटरहोम) त्याहून उंच असतात. पार्कचे नियम बघूनच मार्ग ठरवा.

माझं मत: जाऊ दे तिला, पण पंचवीस फुटी धूड घेऊन नको. कॅम्पर व्हॅन घ्यावी, आणि आधी एक शनिवार-रविवार घराजवळच्या कॅम्पग्राउंडवर काढावा.

वऱ्हाडी ठेचा
ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. इतकं सगळं एकटीने सांभाळायचं? मुलाला बरोबर नेलं तर काय बिघडतं?

ओटीवरची
मुलाला यातलं काय येतं, ते आधी विचारा.

जुनी वही
थोडं अवांतर. 1909 मध्ये अ‍ॅलिस रॅम्झी नावाची 22 वर्षांची बाई न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत 59 दिवसांत गाडी चालवत गेली. धड रस्ते नाहीत, वाटेत 11 टायर बदलले. तेव्हाही लोक हेच म्हणत असणार.

वऱ्हाडी ठेचा
त्या बाईबरोबर आणखी तिघी जणी होत्या, वहीत तेही लिहा.

जुनी वही
होत्या. तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती.

हिशेबी
खर्चाचं कोणीच बोलत नाही. क्लास सी गॅलनला आठ-दहा मैल देते. वर भाडं, विमा, जनरेटरचे तासाचे पैसे, कॅम्पग्राउंड. साधी कार आणि बरी हॉटेलं यात भागेल, वर उरतील. हौसेला मोल नाही हे कबूल, पण मग "सोयीचं पडतं" असं तरी म्हणू नका.

एकटीच जायचं हा हट्टही मला कळत नाही. आरव्हीइंग विमेन ही खास बायकांची संघटना 1991 पासून आहे, त्यांचे मेळावे भरतात. थंडीत अ‍ॅरिझोनात क्वार्टझसाइटला वाळवंटात आरव्हीवाल्यांची अख्खी वस्ती उभी राहते. तिथे गाडीत एकटी, शेजारी दहा जणी. हा मधला मार्ग काय वाईट आहे?

सदाफुली
वाईट नाही, पण ते तिला हवंय का? बाईने कुठे जायचं म्हटलं की आपण लगेच सोबत शोधायला निघतो.

कृष्णाकाठ
सगळे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. मार्चचं मे केलंय, आणि व्हॅनच बघते म्हणाली. आधी घराजवळ एक रात्र राहून बघणार. हिशेबीसाहेब, पैशांवर ती एवढंच म्हणाली की मुलाच्या लग्नात मी हिशेब मागितला नव्हता. मेळाव्याला सध्या नाही. मुलगा अजून फुरंगटलेलाच आहे.

वऱ्हाडी ठेचा
मे ठीक. माझा विरोध कायम. आय-70 ला लागण्याआधी सलायनाला टाकी फुल करायला सांगा.