वॉरफेरिन, मेथीची भाजी आणि जुलाबाची गोळी : आईचा आयएनआर असा खाली-वर का होतो?

कृष्णाकाठ :
माझ्या आईचे वय ६१ वर्षे आहे. ऱ्हुमॅटिक तापामुळे निकामी झालेली तिची मायट्रल झडप ४ वर्षांपूर्वी बदलून तेथे कृत्रिम धातूची झडप बसवली आहे. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी रक्ताच्या गुठळ्या टाळणारी वॉरफेरिनची गोळी घेते आणि डॉक्टरांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा; तो जितका जास्त, तितके रक्त उशिरा गोठते) २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान ठेवायला सांगितला आहे. मार्गशीर्षात शेतातली मेथी आणि चाकवत जवळजवळ रोज पानात होती, तेव्हा तो १.७ पर्यंत उतरला. पुढे फेब्रुवारीत जुलाबासाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या झाल्या आणि तो थेट ५.४ वर गेला. दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दोन्ही वेळी वॉरफेरिनची मात्रा तीच होती आणि एकही गोळी चुकलेली नव्हती. डॉक्टरांनी वेळीच सांभाळून घेतले, परंतु हे घडते कसे, आणि मात्रा बदलल्यावरही आकडा हलायला इतके दिवस का लागतात, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

निर्गुडी :
मी औषधशास्त्र शिकवते. तुमच्या आईंच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. मेथीने वॉरफेरिनच्या कामात अडथळा आणला, तर मेट्रोनिडाझोलने वॉरफेरिनचा शरीरातून होणारा निचराच अडवला.

रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व एकदा वापरले की एक विकर (एन्झाइम) त्याला पुन्हा वापरण्याजोगे करते. वॉरफेरिन नेमके त्याच विकराला रोखते. पालेभाज्यांतून के जीवनसत्त्वाचा ताजा पुरवठा अचानक वाढला की, वॉरफेरिन रक्तात पूर्वीइतकेच असूनही, त्याचा परिणाम कमी पडतो.

फेब्रुवारीतली गोष्ट यकृतातली आहे. वॉरफेरिनच्या गोळीत एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असावीत असे दोन प्रकारचे रेणू असतात. त्यांपैकी अधिक प्रभावी असलेल्या रेणूचे विघटन मुख्यतः सीवायपी २सी९ हे विकर करते. मेट्रोनिडाझोल या विकराला मंदावते, त्यामुळे रोजची गोळी आदल्या दिवसांच्या शिल्लक औषधात भर घालत राहते. जुलाबात जेवणही कमी झाले असेल, म्हणजे के जीवनसत्त्वही कमी मिळाले असेल.

आता उशिराचा प्रश्न. वॉरफेरिन आधीच तयार असलेल्या घटकांना हात लावत नाही. ते फक्त नव्याने तयार होणाऱ्यांना अडवते. सातव्या घटकाचे रक्तातले प्रमाण सुमारे ६ तासांत निम्मे होते, परंतु दुसऱ्या घटकाला त्यासाठी अडीच ते तीन दिवस लागतात. शिवाय स्वतः वॉरफेरिनचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ४० तास जातात. म्हणून आज बदललेल्या मात्रेचा पुरता परिणाम दिसायला ५ दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि दुसऱ्याच दिवशीच्या आकड्यावरून घाईने पुन्हा बदल करणे मला धोक्याचे वाटते.

माघी :
माझ्या यजमानांना ९ वर्षांपूर्वी अशीच झडप बसवली. सुरुवातीला आम्ही पालेभाजी पूर्ण बंद केली होती, तरी आकडा स्थिर राहत नव्हता. आता आठवड्यातून ठरावीक ३ दिवस, ठरावीक वाटीभर पालेभाजी करते आणि वहीत लिहून ठेवते. कोणतेही नवे औषध सुरू झाले की डॉक्टरांना विचारून चार-पाच दिवसांत तपासणी करून घेतो.

निर्गुडी :
माघीताईंचा अनुभव शास्त्राला धरूनच आहे. आहारात के जीवनसत्त्व अगदी कमी असले की लहानशा फरकानेही आयएनआर हेलकावतो. म्हणून भाजी बंद करण्यापेक्षा तिचे प्रमाण सारखे ठेवणे महत्त्वाचे आहे. आणखी दोन औषधांबद्दल सावध राहा. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन मेट्रोनिडाझोलच्या उलट वागते: ते यकृताकडून विघटनाची विकरे अधिक तयार करून घेते, त्यामुळे आयएनआर घसरतो, आणि रिफाम्पिसिन थांबवल्यावर ती विकरे हळूहळू ओसरत असताना, वाढवून ठेवलेली वॉरफेरिनची मात्रा पुढच्या काही आठवड्यांत जड होऊ लागते. दुसरे आयब्युप्रोफेन. गुडघेदुखीसाठी ही गोळी दुकानातून सहज आणली जाते, परंतु ती बिंबाणूंचे (प्लेटलेट्सचे) काम मंदावते आणि जठराच्या अस्तराला इजा करते, त्यामुळे आयएनआर ३ असतानाही पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळी, डांबरासारखी झाली तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता आईंना त्याच दिवशी रुग्णालयात न्या.