स्टॉक (कंपनीने दिलेल्या) टर्बो इंजिनला नक्की किती पॉवर झेपते? (व्हर्टस 1.5, इंदूर)

विजयनगरवाला:
नमस्कार मंडळी, फोक्सवॅगन व्हर्टस 1.5 टीएसआय डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, 28 हजार किमी झालेत, सगळं स्टॉक म्हणजे पॉवर 150 पीएस आणि टॉर्क 250 एनएम. एक ट्यूनर म्हणतोय नुसता रीमॅप मारू (इंजिनच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलू), 185 पीएस / 310 एनएम मिळतील, बाकी कशाला हात लावायला नको, इंजिन आरामात झेलेल. रोज विजयनगर ते पिथमपूर जाणं-येणं आणि सुट्टीला मांडू नाहीतर ओंकारेश्वर. रेस लावायची नाहीये, फक्त ओव्हरटेकला जरा दम पाहिजे. तर आतले पिस्टन-रॉड किती पॉवरपर्यंत टिकतात, कुणी एक आकडा सांगा ना. ते टोयोटा सुप्राचं 2जेझेड इंजिन लोक पॉवर डबल करून चालवतात म्हणे.

घाटातला_गिअर:
अरे भिया, 2जेझेड म्हणजे 3 लिटर, सहा सिलिंडर, लोखंडी ब्लॉक. त्याची आणि आपल्या दीड लिटरच्या ॲल्युमिनियम ब्लॉकची कसली बरोबरी करतोस 😄

आणि इंजिन राहू दे, आधी गिअरबॉक्सकडे बघ. तुझ्या गाडीत डीक्यू200 नावाचा डीएसजी आहे, ड्राय क्लचवाला (क्लच थंड ठेवायला तेल नाही), आणि त्याची कंपनीने ठरवलेली मर्यादाच 250 एनएम आहे. म्हणजे स्टॉकमध्येच तू काठावर बसलायस. 310 टाकून उन्हाळ्यात पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये सरकत सरकत गेलास की बिचाऱ्या क्लचचं काय होणार ते तूच बघ.

राऊकर_काका:
पॉवरचा आकडा विचारतायत सगळे, पण रॉड वाकवतो तो टॉर्क, आणि तोही खालच्या आरपीएमला. माझ्या आधीच्या गाडीचं सांगतो (कुठली ते विचारू नका, आणि ट्यूनरचं नाव पण नाही घेणार). डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) कागद एकदम झकास आला होता. पण त्याने सगळा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) 2000 आरपीएमच्या आसपासच भरून ठेवलेला, आणि मी पण शहाणा, घाटात गिअर खाली न घेता चौथ्यातच पूर्ण पाय दाबायचो, मजा यायची हो. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत अशाच वेळी एलएसपीआय होतं, म्हणजे स्पार्क पडायच्या आधीच चार्ज पेटतो आणि सिलिंडरमध्ये हातोडा बसल्यासारखं प्रेशर येतं. सात-आठ महिन्यांनी निळा धूर, तेल कमी, कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एक सिलिंडर झोपलेला. उघडलं तर पिस्टनची रिंगलँड (रिंगांच्या मधला भाग) तुटलेली. रॉड सगळे सरळ होते बरं का. वॉरंटीवाल्यांनी ईसीयू बघितला आणि हात वर केले, ते त्यांचं बरोबरच होतं म्हणा.

विजयनगरवाला:
बापरे काका. म्हणजे करूच नको का?

डेटालॉग_इंदौरी:
कर, पण 310 एनएमचा रीमॅप नको. साधा हिशोब आहे, पीएस म्हणजे एनएम गुणिले आरपीएम भागिले साधारण 7022. तुझ्या गाडीचे 250 एनएम 1600 ते 3500 पर्यंतच असतात, नंतर उतरत जातात, 5000 ला 150 पीएस म्हणजे तिथे जेमतेम 211 एनएम उरले. आता टॉर्क 250 च्या वर जाऊच दिला नाही आणि वरच्या आरपीएमला तो स्टॉकपेक्षा कमी घसरू दिला, समज 5500 ला 225, तर 176 पीएस होतात. गिअरबॉक्सच्या मर्यादेत, रॉडवर खालून धक्का नाही, आणि ओव्हरटेकला लागतो तो दम बरोबर तिथेच आहे. छोटा टर्बो वरच्या आरपीएमला धापा टाकतो हे खरं, हवा गरम होते, म्हणून 43 डिग्रीत 176 च येतील असं नाही, मे महिन्यात कमीच धर. ट्यूनरला एवढंच विचार की 2000 ते 3000 मध्ये किती एनएम देतोस आणि नॉक रिटार्डचा (इंजिन ठोकायला लागलं की ईसीयू स्पार्क किती मागे घेतो त्याचा) लॉग, म्हणजे नोंद, दाखवतोस का. थंडीतल्या सकाळचा लॉग नको, दुपारचा, दोन-तीन वेळा सलग पूर्ण पाय दाबून गाडी खेचल्यानंतरचा. लॉग द्यायला का कू केलं तर तिथूनच परत फीर.

आणि प्लग, तेल वेळेवर, पेट्रोल 95 ऑक्टेनच्या खाली नको.

राऊकर_काका:
आणि घाटात डीएसजी मॅन्युअलमध्ये टाकून गिअर स्वतः खाली घेत जा रे बाबा.

विजयनगरवाला:
विचारला त्याला. म्हणतोय "लॉग कशाला, आत्तापर्यंत कुणाची तक्रार नाही." 🤦 दुसरा कुणी ट्यूनर माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, शनिवारी सराफ्यात भेटलात तर भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.