शब्दचर्चा: 'नूतनीकरण', 'रूपबदल' की 'फेरमांडणी'?

अनुवादिनी: पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्यांसाठी एक्सेलची माहितीपुस्तिका मराठीत लिहिते आहे. सॉफ्टवेअरचा सगळा पडदा नव्याने रचतात, त्याला काय म्हणावं? 'नूतनीकरण' लिहिलं होतं, पण ते इमारतीला शोभतं.

जमाखर्च: 'फेरमांडणी' लिहा. 'रूपबदल' म्हणजे रंग आणि चिन्हं बदलणं, त्याने काम अडत नाही. काम अडतं ते वस्तू जागेवरून हलली की. एक्सेल २००७ मध्ये नेमकं हेच झालं. २००३ पर्यंतचे मेनू गेले आणि टॅबांची रुंद रिबन, म्हणजे आज्ञांच्या बटणांची पट्टी, आली. पिव्होट टेबल (आकड्यांचा सारांश काढणारा तक्ता) 'डेटा'मध्ये होतं ते 'इन्सर्ट'मध्ये गेलं, कॉमेंट 'इन्सर्ट'मधून 'रिव्ह्यू'मध्ये, फ्रीझ पेन्स (ओळी-स्तंभ जागेवर स्थिर ठेवणं) 'विंडो'मधून 'व्ह्यू'मध्ये. 'फाइल'च्या जागी एक गोल बटण आलं. २०१० मध्ये 'फाइल' परत आणावं लागलं. हिशेबाच्या माणसाचा या जागांवर हात बसलेला असतो. मार्चअखेरीला त्याला तेच बटण शोधायला लावणं हा अन्यायच आहे.

अनुवादिनी: पण त्याच आवृत्तीत एका शीटमधल्या ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या. तीही फेरमांडणीच का?

जमाखर्च: नाही, ती क्षमतावाढ, आणि ती हवीच होती. दोन्हींना एकच नाव दिलं की जागा बदलल्याची तक्रार करणारा माणूस उगाच प्रगतीचा विरोधक ठरतो. म्हणून शब्द वेगळे हवेत.

शब्दवेध: सहमत. वापरणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर 'घडी विस्कटली' म्हणा, त्यात त्याचं नुकसान दिसतं. मात्र मायक्रोसॉफ्टने एक गोष्ट चांगली केली, तीही पुस्तिकेत यावी. ऑल्ट, ई, एस ही जुनी कळांची वाट २००७ नंतरही पेस्ट स्पेशल (हवं तेवढंच निवडून चिकटवण्याची आज्ञा) उघडते. मेनू दिसेनासा झाला तरी हाताचं वळण राखलं गेलं. मोफत मिळणारं लिब्रेऑफिस तर याहून पुढे गेलं: ५.३ पासून रिबनसारखी पट्टी देऊ केली, पण ती ऐच्छिक ठेवली. जुना मेनू हवा त्याला तो आहेच.

अनुवादिनी: मग 'फेरमांडणी' नक्की. रिबनला 'फीत' म्हणू का?

जमाखर्च: नको. ऑफिसात सगळे रिबनच म्हणतात. त्यापेक्षा कुठली आज्ञा कुठून कुठे गेली याचा तक्ता त्याच पानावर द्या.